फॉर्म भर किंवा नको भरूस, पण त्या यादीसाठी भरू नकोस

पत्र मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.

"मावशी, मी 39 वर्षांची, हिंजवडीत एका मोठ्या आयटी कंपनीत 11 वर्षं झाली, 14 जणांच्या टेस्टिंग टीमची लीड आहे. दोन महिन्यांपूर्वी मॅनेजरने सांगितलं की कपातीसाठी तुझ्या टीममधली तीन नावं दे. मी दिली. त्यातलं एक नाव माझ्याच शेजारी बसणाऱ्या मॅडमचं होतं, मी बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा त्यांनी मला ऑटोमेशन, म्हणजे प्रोग्रॅम लिहून टेस्टिंग करणं, हाताला धरून शिकवलं होतं. गेल्या वर्षी वडिलांच्या आजारपणात त्यांच्या सुट्ट्या खूप झाल्या होत्या म्हणून रेटिंग खाली होतं, आणि मी तेच कारण लिहिलं. दुपारी बोलावलं, चार वाजेपर्यंत लॅपटॉप घेतला, सिक्युरिटीवाला गेटपर्यंत सोबत गेला. त्यांचा स्टीलचा डबा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आता कंपनीने व्हॉलंटरी सेपरेशनची, म्हणजे पैसे घेऊन स्वतःहून नोकरी सोडायची स्कीम आणलीय, सहा महिन्यांचा पगार, 20 तारखेपर्यंत फॉर्म भरायचा. माझ्या ओळखीच्या तिघांनी भरला, कँटीनमध्ये ते इतके हलके दिसतात. नवरा म्हणतो वेडेपणा करू नकोस, पुनावळ्याच्या फ्लॅटचा हप्ता 52 हजार आहे. सासूबाई म्हणतात लागलेली नोकरी सोडायची नसते. पण मला वाटतं फॉर्म भरला तर रात्री झोप तरी लागेल. काय करू? — घुसमटलेली, वाकड"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या डब्यापाशी थांबले. तू पत्रात हप्ता, नवरा, स्कीम, सासूबाई सगळं लिहिलंस, पण पत्र खरं त्या ड्रॉवरबद्दल आहे, हो ना?

म्हणून आधी एक सांगून टाकते. नोकरी सोडायची की नाही हा एक प्रश्न आहे आणि ती तीन नावं दिलीस त्याचं काय करायचं हा दुसरा. तू दोन्हीची गाठ मारून ठेवलीयस, आणि कंपनीच्या फॉर्मवर सही केली की दोन्ही सुटतील असं तुला वाटतंय. नाही सुटणार गं. हे मी ऐकीव सांगत नाहीये.

2001 साली मी बँकेत होते, सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत. त्या वर्षी सरकारी बँकांनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली होती, 15 वर्षं नोकरी झालेली किंवा वय 40 झालेलं असलं की अर्ज करता यायचा, आणि झालेल्या प्रत्येक वर्षाला 60 दिवसांचा पगार, किंवा निवृत्तीला राहिलेल्या महिन्यांचा पगार, यातलं जे कमी असेल ते. देशभरातून लाखभर माणसं तेव्हा बाहेर पडली. आमच्या शाखेत रोज एकच विषय, आता कॉम्प्युटर येणार, निम्म्यांना घरी बसवणार, त्यापेक्षा आत्ता पैसे घेऊन मानाने जा. मी 42 ची होते. मी अर्ज केला. लोकांना सांगितलं सासूबाईंचं आजारपण आहे, ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळंच होतं. वर्षभरापूर्वी आमच्याकडच्या एका शिपायाची चौकशी लागली होती, त्यात मी जे माहीत होतं ते बोलले नाही, गप्प बसले, आणि त्याची बदली पार लांब झाली. रोज सकाळी त्याचं रिकामं स्टूल दिसायचं. मला वाटलं ही शाखाच सोडली की ते स्टूल दिसायचं बंद होईल.

मार्चच्या शेवटच्या दिवशी एकाच रांगेत आम्ही पाच जण बसलो होतो, शाल, नारळ, भाषणं. कॅश सेफची एक चावी माझ्याकडे असायची, ती मी चार्ज रजिस्टरवर सही करून दुसऱ्या बाईंच्या हातात दिली. त्यांनी चावी घेतली आणि नुसत्या म्हणाल्या, "सुटलीस." त्या राहणार होत्या, चार जणांचं काम आता त्यांच्या एकटीच्या काउंटरवर येणार होतं. मला काहीच बोलता आलं नाही. जूनमध्ये एकदा सव्वादहाला मी भाजीची पिशवी घेऊन बँकेसमोरून चालले होते, शटर वर जात होतं, आणि मला स्टूल दिसलंच, ते आता माझ्याबरोबर बाजारात फिरत होतं. ते थांबलं कधी माहितीये? पुढच्या दिवाळीत मी त्या माणसाच्या गावी एसटीने गेले, त्याच्या घरी बसले, आणि जे चौकशीत बोलायला हवं होतं ते त्याच्यासमोर बोलले, तेव्हा. तो चिडला, बराच वेळ चिडला, मग त्याच्या बायकोने चहा ठेवला. त्यासाठी मला बँक सोडायची गरजच नव्हती.

आता तुझ्या यादीचं बोलू. तुला कुणी ना कुणी म्हणेलच की तुझा काय दोष, तुला वरून सांगितलं होतं. ते अर्धं खरं आहे. अशा कपातीत आकडा आधी ठरतो आणि नावं मागून भरतात. 2025 च्या जुलैमध्ये टीसीएसने जाहीर केलं की 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या आसपास माणसं कमी करणार, आणि मधल्या-वरच्या फळीतली जास्त, तेव्हा तो आकडा काही कुठल्या टीम लीडने काढला नव्हता. तुझ्याकडचा "तीन" सुद्धा तुझा नव्हताच, तू नाही म्हणाली असतीस तर दुसऱ्या कुणी तीन दिले असते. पण उरलेलं अर्धं तुझं आहे. सुट्ट्या कशासाठी होत्या हे तुला माहीत होतं आणि तरी तू सुट्ट्याच लिहिल्यास. तुला झोप येत नाही ती या एका वाक्याने, आणि ती येत नाहीये याचं मला बरंच वाटतं, राग मानू नकोस, ज्यांना अशी नावं देऊन शांत झोप लागते त्यांची मला जास्त काळजी वाटते.

पण तू राजीनामा दिलास तर त्या बाईंना काय मिळणार? त्यांचा पगार सुरू होणार नाही. तुझी जागा कमी झाली म्हणून त्यांना परत बोलावणार नाहीत. उलट तू आत आहेस तोवर त्यांच्यासाठी काहीतरी करता येतं. त्यांच्या कामाबद्दल खरं, नीट, नावानिशी शिफारसपत्र लिहून दे, लिंक्डइनवर पण लिही, अमुक प्रोजेक्टची रिग्रेशन सूट (पुन्हा पुन्हा चालवायच्या टेस्ट्सचा संच) यांनी उभी केली असं स्पष्ट लिही. तुझ्या ओळखीत कुठे टेस्टिंगची जागा निघाली तर रेफरल तूच टाक. त्यांचं फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशोब झाला का, नोकरीतून मोकळं केल्याचं रिलीव्हिंग लेटर आलं का, ते विचार, अडकलं असेल तर एचआरच्या मागे लाग. आणि पुढची यादी आली, आणि ती येईल असं तुझ्या पत्रावरून वाटतंच, तर निकष काय ते लेखी माग, आजारपणाच्या रजा धरणार नाही असं मेलवर लिही. त्याने तुझं नाव खराब होईल? होऊ शकतं. तेवढी किंमत मोजण्यासारखी आहे, सहा महिन्यांच्या पगारावर सही करण्यापेक्षा जास्त.

हे बाजूला ठेवून आता फॉर्मकडे बघ, नुसता पैशाचा आणि कामाचा प्रश्न म्हणून. सोडणं चूक आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये हं. बीएसएनएलमध्ये 2019 ला स्कीम आली तेव्हा 78 हजारांवर लोकांनी घेतली आणि 31 जानेवारी 2020 ला एका दिवसात सगळे बाहेर पडले, त्यातल्या कित्येकांचा तो हिशोब बरोबरच होता, प्रत्येकाचं घर वेगळं. तुझे ते तिघे हलके दिसतात ना, त्यांचं घर तू आतून बघितलेलं नाहीस, कुणाच्या हातात दुसरी ऑफर असेल, कुणाचं कर्ज फिटलेलं असेल.

सगळ्यात आधी सहा महिन्यांचा पगार म्हणजे नक्की काय ते विचार. आयटीत नोटीस पीरियड बहुतेक 90 दिवसांचा असतो. त्या सहा महिन्यांत हे तीन महिने धरलेत का? धरले असतील तर तुला खरे तीनच मिळतायत. आणि "पगार" म्हणजे बेसिक का ग्रॉस? हे तोंडी नको, स्कीमच्या कागदावर दाखवा म्हण.

दुसरं, तू स्वतःहून राजीनामा दिलास की कायद्याच्या भाषेत ती कपात राहत नाही. कंपनीने कपात म्हणून काढलं तर कामगार या व्याख्येत बसणाऱ्याला नोटीस आणि शिवाय झालेल्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. तुझी 11 वर्षं, म्हणजे 165 दिवस, साडेपाच महिन्यांच्या आसपास. बघ, म्हणजे स्कीममध्ये जे मोठ्या मनाने दिल्यासारखं वाटतंय ते फार काही वेगळं नाहीये. आता लीड म्हणून तू त्या व्याख्येत बसतेस का हा वादाचा मुद्दा आहे, तिथे हुद्द्याचं नाव बघत नाहीत, तू प्रत्यक्षात दिवसभर काय करतेस ते बघतात, स्वतः टेस्ट करतेस का रजा मंजूर करतेस. हे एखाद्या लेबर लॉ बघणाऱ्या वकिलाला तासभर बसून विचार, आणि पुण्यात कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे, नाइट्ससारखी आयटीवाल्यांची संघटना आहे, तिथेही विचारता येतं. त्या मॅडमना पण हे सांग, त्यांचा राजीनामा लिहून घेतला होता का काढल्याचं पत्र दिलं होतं त्याने बराच फरक पडतो.

ग्रॅच्युइटी स्कीमच्या पैशांतच दाखवलेली नाही ना ते बघ. ती तुझ्या हक्काची आहे, पाच वर्षं झाली की मिळतेच, कंपनी काही उपकार करत नाही. शेवटचं बेसिक गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. समज बेसिक 60 हजार आहे, तर 11 वर्षांचे 3 लाख 80 हजारांच्या आसपास होतात. तो आकडा वेगळ्या ओळीत दिसला पाहिजे. टॅक्सचं पण एक आहे, नियमात बसणाऱ्या स्वेच्छा योजनेत 5 लाखांपर्यंतची रक्कम करमुक्त असते, आयुष्यात एकदाच, पण तुमची स्कीम त्या नियमात बसते का ते सीएला विचारून घे, एचआरच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे श्रम कायदे लागू झालेत, त्यात राजीनामा दिला तरी राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असं आहे, पंचेचाळीस दिवस थांबा म्हणाले तर हे त्यांना दाखव.

इन्शुरन्स तर सगळे विसरतात. कंपनीची मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशी संपते. सासूबाईंना शुगर-बीपी काही असेल तर नव्या पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण ते लास्ट डेच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

पैसे हातात आले की माणसाला फार वाटतात, हे मी भोगलंय. आम्ही एफडी केली, तेव्हा साडेनऊ-दहा टक्के व्याज होतं, घरखर्च त्या व्याजावर बसवला, आणि दोन-तीन वर्षांत व्याज सहाच्या आसपास आलं. मी मग शिकवण्या घेतल्या, दहावीचं गणित, तेही छान झालं, पण ती पहिली दोन वर्षं रोज वहीत हिशोब लिहिताना हात थरथरायचा. तू मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढ, 52 हजार हप्ता, शाळेची फी, किराणा, पेट्रोल सगळं मांड, आणि नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात किती बसतं ते दोघांनी मिळून बघा. एकत्र बसून. तो वेडेपणा म्हणाला ते त्याने ड्रॉवर बघितलेला नाही म्हणून, तू त्याला नावांचं सांगितलंयस का? पत्रात तरी दिसलं नाही. मला वाटतं नाही सांगितलंस.

एक गोष्ट मात्र सोडण्याच्या बाजूने आहे. जर दर तिमाहीला तुला नावं द्यायलाच बसवणार असतील, आणि तू निकष मागितल्यावर तुझंच तोंड बंद करणार असतील, तर तिथे राहून तू हळूहळू वेगळीच बाई होशील, आणि मग हप्ता भरत असलीस तरी घरात तुझी चिडचिड मुलावर निघेल. अशा वेळी सोड, पण हातात दुसरी ऑफर घेऊन, किंवा आठ-दहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून. फॉर्मची 20 तारीख ही त्यांची तारीख आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ट्विटरमध्ये मस्कने लोकांना एका दिवसाची मुदत दिली होती, राहायचं असेल तर हो म्हणा नाहीतर तीन महिन्यांचा पगार घेऊन जा, माणसं रात्रीत आयुष्य ठरवत होती. तुला निदान काही दिवस आहेत, ते वापर, ते रडण्यात घालवू नकोस.

आणि या शनिवारी त्या बाईंकडे जा. आधी फोन कर, येऊ का विचार, त्या नको म्हणाल्या तर जबरदस्ती नको, पण पुढच्या आठवड्यात परत विचार. गेलीस की आधी खरं सांग, तुमचं नाव मी दिलं, आणि सुट्ट्यांचं कारण मी लिहिलं. माझा नाइलाज होता हे वाक्य घरूनच गिळून जा. त्या काही बोलतील ते ऐकून घे, मध्ये रडू नकोस, तुझं सांत्वन करायची वेळ त्यांच्यावर आणू नकोस. वडील कसे आहेत ते विचार. शिफारसपत्र प्रिंट काढून ने.

डबा तर नेच. आणि तुला मी सांगायला नको, आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, घरी केलेलं काहीतरी घालून ने, त्यांना काय आवडतं ते इतकी वर्षं शेजारी जेवलीयस तुला माहीत असेल.

फॉर्मचं 20 च्या आधी काय ठरतंय ते मला कळव, मी वाट बघतेय.

— मावशी