ट्रायल्सच्या गाडीत हवेच्या वाटेने चिखल-पाणी जाऊ नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीडशे सीसीची जुनी फोर-स्ट्रोक मोटरसायकल, सीट काढून ट्रायल्ससाठी (दगड-नाल्यांतून पाय न टेकता गाडी हळू नेण्याचा खेळ) केलेली. इंदूरजवळच्या चोरलकडच्या नाल्यात दोनदा मध्येच बंद पडली, काठावर ओढून आणल्यावर चार-पाच किकमध्ये चालू झाली. आता हवेच्या फिल्टरच्या डब्याला पाईप जोडून तो हँडलपर्यंत वर न्यावा का?

पाईपचं राहू द्या. गाडी बंद पडली तेव्हा फिल्टर उघडून पाहिलात का? माझी पैज आहे की तो कोरडाच होता. पाणी प्यायलेली गाडी अशी चार किकमध्ये शहाण्यासारखी चालू होत नाही. तुमची गाडी पाणी प्यायली नाही, तिचा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) गुदमरला.

कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोलची वाटी असते (आमचा मिस्त्री तिला कटोरी म्हणतो). तिच्यातलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे एका बारीक भोकातून, वर चढतं ते बाहेरच्या हवेच्या दाबाने, आणि ती हवा वाटीत जाते बाजूला लोंबणाऱ्या बारीक नळ्यांमधून. नळ्यांची टोकं इंजिनाच्या खालपर्यंत आलेली असतात. नाल्यात उतरलात की पहिली तीच बुडतात. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल कसं गुटगुट करत अडतं, तसंच पेट्रोल अडतं आणि इंजिन दोन आचके देऊन गप्प होतं. बाहेर काढलीत, नळ्या मोकळ्या झाल्या, गाडी चालू.

उपाय स्वस्त आहे. हवेची नळी मध्ये कापून ‘टी’ जोड घाला, एक तोंड खालीच राहू द्या, दुसरं टाकीखाली फ्रेमला बांधून वर न्या. जोड माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो. नळी मात्र तिथली घेऊ नका, पेट्रोलने ती खराब होते. पेट्रोलचीच नळी घ्या. आणि वाटीच्या तळातून निघणारी ओव्हरफ्लोची नळी खालीच सोडा, नाहीतर सांडलेलं पेट्रोल गरम इंजिनावर येईल.

आता खऱ्या फिल्टरकडे. ट्रायल्समध्ये वेग नसतोच, त्यामुळे पुढून पाणी अंगावर येत नाही. येतं ते मागून. दगडावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि जे काही खाली असेल ते थेट डब्यावर फेकतं. नेमकं कुठे फेकतं हे बघायला मी एकदा डब्यावर चुन्याचा हात फिरवला आणि महूच्या पुढे एका ओल्या शेताच्या बांधाजवळ दहा मिनिटं गाडी घोळवली. चाकासमोरची बाजू काळी होणार हे ठाऊकच होतं. पण डब्याचं झाकणही वरून ठिपक्यांनी भरलेलं निघालं! चिखल मडगार्डच्या पोटाला आपटून उलटा खाली येत होता, आणि माझ्या डब्याचं तोंड होतं नेमकं तिथे. तुम्हीही हे करून बघा, दोन रुपयांच्या चुन्यात गाडीच सांगेल तोंड कुठे नको ते.

मग चाक आणि डबा यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा पडदा बांधा. ट्रकच्या ट्यूबचा तुकडा उत्तम, स्कूटरची ट्यूब फार लुळी पडते. दोघंजण गाडीवर बसून मागचं सस्पेन्शन पूर्ण दाबा आणि तेव्हाही पडदा चाकाला लागत नाही ना ते बघा. आपल्या माळव्याची काळी माती ओली झाली की चाकाला लाडूसारखी वळत जाते. पडद्याला जागा कमी ठेवलीत तर ती तिथेच थापली जाईल आणि चाकच जाम होईल. माळव्याला ‘डग डग रोटी, पग पग नीर’ (पावलोपावली भाकरी आणि पाणी) म्हणणाऱ्याला ट्रायल्सची गाडी धुवावी लागली नव्हती.

डब्याला हवेचं दार एकच ठेवा. वर, टाकीच्या मागे, तोंड पुढे केलेलं. बाकीच्या फटी, साइड कव्हरचे सांधे, स्क्रूची रिकामी भोकं, सगळं बुजवा. पण तळाचं पाणी निघायचं भोक बुजवू नका. हे मी अनुभवाने सांगतोय, कारण मी ते बुजवलं होतं. एम-सील लावून डबा असा पॅक केला होता की स्वतःवरच खूश होतो. तोंडातून थोडं थोडं पाणी आत गेलं, तळाशी साचत राहिलं. एका उंच दगडावरून गाडी पुढे खाली उतरवली आणि साचलेलं सगळं एकदम पुढे, कार्ब्युरेटरच्या तोंडात. खट्ट असा एकच आवाज. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला ढकलणारा दांडा) वाकला होता.

किती पाणी लागतं त्याला? तुमच्या दीडशे सीसीच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन (पिस्टन खाली असतानाची जागा आणि वर आल्यावरची जागा यांचं प्रमाण) ९:१ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा जेमतेम १९ सीसी, म्हणजे चहाचे चार चमचे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्याहून जास्त आत असलं की पिस्टनला वर जायला जागाच नाही. म्हणून तळाला चपट्या ओठांची रबरी नळी लावा: आतलं पाणी स्वतःच्या वजनाने ओठ उघडून बाहेर पडतं, इंजिनाने ओढ घेतली की ओठ मिटतात.

लांब पाईपला माझा विरोध याचसाठी. प्रत्येक जोड ही नवी फट, शिवाय बारीक लांब पाईपने हवा कमी पडते आणि ट्रायल्सला जो मंद, मऊ थ्रॉटल लागतो तोच बिघडतो. पाणी टाकीपर्यंत येत असेल तर तिथे गाडी घालूच नका. २०११ च्या जुलैत महूजवळच्या पाताळपाणी धबधब्याला अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली होती. वर डोंगरात पाऊस असला की आपल्याकडचे ओढे कोरड्या हवेतही भरून येतात.

फिल्टर कागदी असेल तर काढा. कागद भिजला की फुगतो आणि श्वासच बंद. तेल लावलेला फोम हवा. धुवायला रॉकेल, मग साबणाचं पाणी. पेट्रोलने फोमचे चिकटवलेले सांधे सुटतात. पिळू नका, दाबा. सावलीत वाळवा. फोम फिल्टरचंच चिकट तेल घ्या, इंजिन ऑइल रात्रभरात खाली उतरतं आणि वरचा अर्धा फोम कोरडा पडतो. पॉलिथिनच्या पिशवीत फोम आणि तेल घालून कणकेसारखं मळा, रंग सगळीकडे सारखा आला की झालं. बसवताना कडेला ग्रीसचं बोट फिरवा. माझ्या पाहण्यात धूळ फोममधून कमी आणि या कडेवरून जास्त जाते.

तरी कधी पाणी गेलंच तर किक मारू नका. आधी स्पार्क प्लग काढा, पेट्रोल बंद करा, मग किक मारून पाणी उडवा, वाटी रिकामी करा. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर घरी पोचायच्या आधी बदला.

आणि नाल्याइतकंच पाणी वॉशिंग सेंटरवर जातं. पोऱ्या प्रेशर पंपाची धार सरळ डब्यात मारतो, आपण शेजारी पोहे खात उभे. धुवायच्या आधी डब्याच्या तोंडाला पिशवी आणि रबरबँड लावा, आणि पिशवीचं एक टोक हँडलला बांधून ठेवा. मी ते बांधत नव्हतो, आणि एका रविवारी भर चौकात पंधरा मिनिटं किक मारल्यावर शेजारच्या पानवाल्याने विचारलं, ‘भैया, ये थैली काहे की?’