‘दुय्यम’ साधन म्हणजे कमी दर्जाचं का?

इतिहासात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘प्रबंधात प्राथमिक साधनं वापरा, असं सर सांगतात. प्राथमिक म्हणजे सुरुवातीची, सोपी पुस्तकं का? आणि दुय्यम साधनं कमी दर्जाची असतील, तर संदर्भात त्यांची नावं द्यावीत का?’

हा घोळ शब्दांनीच घातला आहे. ‘प्राथमिक’ म्हटलं की आपल्याला आधी शाळा आठवते. ‘दुय्यम’ मूळचा फारसी, अर्थ नुसता ‘दुसरा’. पण जमिनीची प्रत ठरवताना अव्वल, दूम, सीम अशी उतरंड असे, आणि ‘दुय्यम दर्जा’ हा प्रयोग तर रोजचाच. त्यामुळे शब्दाला कमीपणा चिकटला. तरी दस्त नोंदवायला आपण दुय्यम निबंधकाकडे जातो, तेव्हा तिथली नोंद कच्ची असते असं कुणी मानत नाही. साधनांच्या बाबतीत हाच अर्थ घ्यायचा: घटनेच्या काळातून, तिच्याशी संबंधित माणसांकडून आलेलं ते प्राथमिक, ते वाचून नंतर कुणी लिहिलं ते दुय्यम. हा क्रम अंतराचा आहे, गुणवत्तेचा नाही.

वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत. पानिपतावर लिहायचं तर ती पत्रं प्राथमिक, आणि त्याच खंडाला राजवाड्यांनी जोडलेली प्रस्तावना दुय्यम. एकाच पुस्तकात दोन्ही! पण उद्या तुम्ही राजवाड्यांच्या इतिहासदृष्टीवर प्रबंध लिहिलात, तर तीच प्रस्तावना तुमचं प्राथमिक साधन होईल. सभासदाची बखरही अशीच. ती शिवाजी महाराजांच्या पश्चात, राजाराम महाराजांच्या काळात लिहिली गेली. महाराजांच्या हयातीतल्या एखाद्या घटनेसाठी ती त्या वेळच्या पत्राइतकी जवळची नाही, पण राजारामांच्या दरबारात थोरल्या महाराजांची आठवण कशी जपली होती, हे शोधायचं तर तिच्याइतकं जवळचं दुसरं काय? म्हणून ‘हे पुस्तक प्राथमिक का दुय्यम?’ असं विचारू नका. ‘माझ्या प्रश्नासाठी प्राथमिक का?’ असं विचारा.

‘अस्सल’ हा शब्द ‘प्राथमिक’च्या जागी सर्रास वापरतात. मला ते पटत नाही. अस्सलच्या समोर नक्कल असते, दुय्यम नव्हे. मूळ पत्र हरवलं आणि त्याच काळातली नक्कल उरली, तर ती नक्कलही प्राथमिक साधनच.

दुय्यम साधनांची नावं जरूर द्या. खरी चूक वेगळीच आहे आणि मला ती फार खटकते: पत्र वाचलेलं असतं कुणा अभ्यासकाच्या ग्रंथात आणि तळटीपेत नाव असतं थेट दप्तराचं, म्हणजे मूळ कागद जिथे ठेवले आहेत त्या संग्रहाचं. त्या अभ्यासकाने मोडी लावताना एखादं अक्षर चुकवलं असेल, तर ती चूक आता तुमच्या नावावर चढते. तिथे ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असं स्वच्छ लिहावं. राजवाड्यांचे खंड स्वतः उघडले असतील, तर खंड आणि पृष्ठाबरोबर लेखांकही द्या. त्या अंकावरून नेमकं पत्र लगेच सापडतं.

आणि ‘साधन’ऐवजी ‘स्रोत’ लिहिणार असाल, तर ‘स्त्रोत’ लिहू नका. शब्द ‘स्रु’ म्हणजे वाहणे या धातूवरून आला आहे. त्यात स आणि र यांच्यामध्ये त नाही.