बूस्टर घेण्याआधी आकडे वाचा

प्रश्न : फोर-जी मोडेमवर कधी दोन, कधी तीन काड्या दिसतात. तीन असतानाही वेग मिळत नाही. बूस्टर (मोबाइलचा सिग्नल वाढवणारं यंत्र) बसवला तर फरक पडेल का?

उत्तर : काड्यांवरून काहीच ठरवू नका. कुठल्या आकड्याला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. ब्राउझरमधून मोडेमच्या सेटिंगचं पान उघडा आणि तिथले आरएसआरपी व एसआयएनआर हे दोन आकडे लिहून घ्या. पहिला सिग्नलची ताकद सांगतो, दुसरा त्याची स्वच्छता.

आरएसआरपी उणे ९० डीबीएम किंवा त्याहून शून्याकडे असेल तर चांगला (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं एकक, डीबी हे ती किती पट कमी-जास्त ते मोजायचं). उणे १०० ते ११० कामचलाऊ. उणे ११५ च्या खाली गेला की जोडणी तुटायला लागते. एसआयएनआर २० डीबीच्या वर उत्तम, शून्याच्या खाली वाईट. इथे एक फसगत होते : काही मोडेम आरएसआरपीऐवजी आरएसएसआय दाखवतात. तो आकडा पूर्ण चॅनेलच्या (टॉवर वापरतो त्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याच्या) ताकदीची बेरीज असतो, त्यामुळे २० मेगाहर्ट्झच्या गजबजलेल्या चॅनेलवर सुमारे ३० डीबीने चांगला दिसतो. उणे ७५ आरएसएसआय आणि उणे १०५ आरएसआरपी हा एकच सिग्नल असू शकतो.

आता दोन्ही आकडे एकत्र वाचा. आरएसआरपी उणे ११२ आणि एसआयएनआर १२ असेल तर सिग्नल अशक्त पण स्वच्छ आहे. बाहेरच्या अँटेनाने नक्की फरक पडेल. उणे ८५ आणि १ असेल तर ताकद भरपूर आहे, पण दोन-तीन टॉवर एकमेकांवर ओरडताहेत. बूस्टर त्या सगळ्यांनाच मोठं करेल आणि एसआयएनआर तिथेच राहील. अशा ठिकाणी एका दिशेचंच ऐकणारा अँटेना हवा. दोन्ही आकडे चांगले असून फक्त संध्याकाळी वेग पडत असेल तर टॉवरवर गर्दी आहे. मोडेममध्ये बँड (फ्रिक्वेन्सीचा गट) निवडायची सोय असल्यास दुसरा बँड लावून बघा, बाकी खर्च करू नका.

प्रश्न : १० डीबीआयचा (सिग्नल १० डीबीने वाढवणारा) अँटेना गच्चीवर लावला, १५ मीटर आरजी-५८ केबल खाली डोंगलपर्यंत आणली. रेंज जराही वाढली नाही. अँटेना खराब आहे का?

उत्तर : अँटेना ठीक असेल, केबलने सगळं खाल्लं. १८०० मेगाहर्ट्झला आरजी-५८ दर मीटरला पाऊण डीबीच्या आसपास गमावते. १५ मीटरमध्ये ११ डीबी गेले, म्हणजे अँटेनाने मिळवलेलं संपून वर थोडा तोटाच. डोंगलला जोडायच्या बारीक शेपटीत, म्हणजे छोट्या जोडकेबलमध्ये, आणखी जातं. एलएमआर-४०० सारखी जाड केबल तेवढ्याच अंतरात ३ डीबीच्या आत भागवते, पण ती बोटभर जाड आणि ताठ असते. डोंगलच्या टीएस-९ या इवल्याशा अँटेना-सॉकेटवर तिचा भार आला तर सॉकेटच उखडेल. मध्ये छोटी लवचीक शेपटी लागतेच.

त्यापेक्षा मोडेमच अँटेनाजवळ न्या. रेडिओ सिग्नल केबलमध्ये झिजतो, डेटा तसा झिजत नाही. डोंगल ५ मीटर यूएसबी केबलवर चालतो, त्यापुढे अ‍ॅक्टिव्ह एक्स्टेन्शन लागतं. इथरनेटचा बाहेरचा मोडेम असेल तर १०० मीटरपर्यंत केबल ओढता येते आणि वीजही त्याच केबलमधून जाते. यूएसबी केबल स्वस्त आणि पातळ घेतली तर मोडेम टॉवरकडे जोर लावून पाठवू लागताच व्होल्टेज पडतं आणि तो पुन्हा सुरू होतो. लोक याला रेंजचा दोष समजतात. बाहेर मोडेम ठेवायचा डबा प्लास्टिकचाच हवा, धातूचा नको. तो सावलीत ठेवा, खालून हवेला भोकं द्या.

बाहेरचे अँटेना दोन लावा, बऱ्याच मोडेमना सॉकेटही दोन असतात. एक ४५ अंश डावीकडे, दुसरा ४५ अंश उजवीकडे कलता. एकाच अँटेनावर वेगाची कमाल मर्यादा साधारण निम्म्यावर येते. कनेक्टर घेताना वाय-फायचा आरपी-एसएमए आणि मोबाइलचा एसएमए यांची गल्लत करू नका. आटे बसतात, पण मधला संपर्क जुळतच नाही.

प्रश्न : घरात टीव्हीची आरजी-६ केबल पडून आहे. ती ७५ ओहमची, मोडेम ५० ओहमचा. चालेल?

उत्तर : चालेल. ओहम न जुळण्याचा तोटा दर जोडाला ०.२ डीबीच्या आतच असतो. लांब अंतरावर चांगली आरजी-६ ही आरजी-५८ पेक्षा सरसच ठरते. अडचण फक्त कनेक्टर बदलण्याची.

प्रश्न : मग त्याच केबलवर टीव्हीचा अ‍ॅम्प्लिफायर लावला तर? आणि खरा बूस्टर कधी घ्यावा?

उत्तर : टीव्हीचा अजिबात नको. तो एकाच दिशेने काम करतो. मोडेम २०० मिलीवॉटपर्यंत परत पाठवतो. ते अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूने आत शिरेल, टॉवरला काही ऐकू येणार नाही आणि अ‍ॅम्प्लिफायर बिघडू शकेल.

मोबाइलचा बूस्टर जाणारा आणि येणारा सिग्नल वेगळा करून दोन्ही वाढवतो. बाहेरच्या अँटेनाचं तोंड टॉवरकडे आणि आतल्याचं त्याच्या उलट दिशेला हवं. बूस्टर ६५ डीबी वाढवत असेल तर दोन अँटेनांमधला अडसर (एकाचा सिग्नल दुसऱ्यापर्यंत पोचताना होणारी घट) ८० डीबीच्या आसपास लागतो. तो कमी पडला तर माइक स्पीकरसमोर धरल्यावर होते तशी शिट्टी सुरू होते. चांगला बूस्टर अशा वेळी स्वतःची ताकद कमी करतो, म्हणजे पैसे ६५ चे आणि काम ४० चं. साधा बूस्टर शिट्टी वाजवत राहतो आणि परिसरातल्या सगळ्यांसाठी टॉवर बहिरा करतो. म्हणूनच अनेक देशांत परवानगीशिवाय तो लावता येत नाही. उपाय : दोघांत उभं अंतर वाढवा, मध्ये काँक्रीटचा स्लॅब किंवा पत्रा येऊ द्या.

एका मोडेमसाठी मात्र बूस्टर बहुधा चुकीची खरेदी आहे. तो एका वेळी एकच सिग्नलप्रवाह वाढवतो, त्यामुळे दोन अँटेनांचा फायदा जातो. शिवाय सिग्नलबरोबर गोंगाटही वाढतो आणि स्वतःचा थोडा मिसळतो. अँटेनाचं सॉकेट नसलेले बरेच फोन एका खोलीत चालवायचे असतील, तेव्हा त्याचा उपयोग. बँड तपासून घ्या. ४० आणि ४१ या बँडवर येणं-जाणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने होतं, तिथे साधा बूस्टर कुचकामी.

प्रश्न : अँटेना नेमका कुठे वळवायचा?

उत्तर : एका वेळी १५-२० अंश फिरवा, मिनिटभर थांबा, एसआयएनआर आणि सेल आयडी (मोडेम टॉवरच्या ज्या भागाशी जोडला आहे त्याचा क्रमांक) लिहा. ताकद जास्त दाखवणाऱ्या दिशेपेक्षा एसआयएनआर जास्त असलेली दिशा निवडा. टॉवर दिसतो तिकडेच सर्वोत्तम आकडा येईल असं नाही, समोरच्या भिंतीवरून परावर्तित सिग्नलही कधी जिंकतो. जागा ठरली की जोडांवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, आणि केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.