तालमीत चुकायची मुभा

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच काळजी वेगवेगळ्या तोंडांनी बोलू लागते : "मॅडम, मुलाला नाटकाचं वेड लागलंय, अभ्यासाचं काय होणार?" पुण्यात या काळजीला ठरलेला हंगाम आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण याच सुमारास भरत नाट्य मंदिरात होते, सप्टेंबरात अंतिम फेरी असते, आणि त्याआधीचे कित्येक आठवडे महाविद्यालयांतील तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. अभियांत्रिकीच्या मुलांची इनसेम, म्हणजे सत्राच्या मधली, परीक्षाही त्यानंतर फार लांब नसते.

अशाच एका ऑगस्टमध्ये दुसऱ्या वर्षातील एका मुलाला घेऊन त्याची आई आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा रंगमंचावर जाणारा नव्हता, तो प्रकाशयोजना सांभाळत होता. "आधी हा असा नव्हता हो. नाटकात शिरला आणि गणितात उडाला," आई म्हणाली. मुलगा पंख्याकडे पाहत राहिला.

मी गुणपत्रिका मागितली आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून टेबलावर ठेवली. गणित-2 चा पेपर मे महिन्यात झाला होता, आणि मुलगा नाटकाच्या ग्रुपमध्ये आला होता जुलैत. आईने दोन्ही तारखांवर बोट ठेवून पाहिले. मग तिने अगदी रास्त प्रश्न विचारला : "बरं, पण आता तरी सोडायला नको का?" त्या दिवशी माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. तालीम बंद केली तर रोजचे चार तास मोकळे होतील, पण ज्या वहीकडे तो मे महिन्यातही फिरकत नव्हता तिच्याकडेच ते तास जातील, याची खात्री कोण देणार, एवढेच मी म्हणू शकले.

नंतर मुलगा एकटा येऊ लागला. पहिल्या दोन भेटी त्याने वादविवाद स्पर्धेसारख्या लढवल्या. डॉ. मोहन आगाशे आणि डॉ. जब्बार पटेल, दोघेही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे, दोघेही डॉक्टर, तरी नाटक केलेच ना, हा त्याचा हुकमी एक्का होता. हे दाखले मुले नाटकासाठी देतात आणि पालक डॉक्टरकीसाठी. मी ते कोणाच्याच बाजूने वापरत नाही, कारण अशा थोर नावांशी तुलना सुरू झाली की समोरच्या मुलाचे गणित-2 बाजूलाच पडते.

तिसऱ्या भेटीत त्याच्या पिशवीतून एक जाडजूड वही बाहेर आली. त्यात एकांकिकेतील प्रकाशाचे सारे क्यू, म्हणजे कोणत्या क्षणी उजेड बदलायचा त्या खुणा, लिहिले होते : पेन्सिलीने आखलेले रकाने, क्रमांक, संवादाचे शेवटचे शब्द, कोणता दिवा, किती सेकंदांत. सतराव्या क्यूसमोर 'आजी देवघरापाशी, डावा स्पॉट, 3 सेकंद' असे होते; ते चार वेळा खोडून पुन्हा लिहिलेले, आणि शेजारी लाल शाईत 'उशीर!!' असा शेरा.

"हे लाल शेरे कोणाचे?"

"दिग्दर्शकाचे. परवा आजी अख्खा संवाद अंधारात बोलली, तर सगळ्यांसमोर ओरडला माझ्यावर."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? परत घेतला तो प्रसंग. तालीमच होती ना, मॅडम."

"आणि गणिताची वही अशी आहे का?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. "ती कोरी आहे," तो शेवटी म्हणाला. "उदाहरण येणार नाही असं वाटलं की मी लिहितच नाही. बारावीला मला गणितात नव्वदच्या वर होते. मला ते पहिल्या झटक्यात यायलाच पाहिजे."

मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांची आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली, 'असं व्हायलाच पाहिजे' हा मनातला हट्ट शोधून तो तपासायला शिकवणारी विवेकनिष्ठ विचारपद्धती मी इतकी वर्षे वापरते आहे की 'यायलाच' मधला 'च' मला सहसा लांबूनही ऐकू येतो. या वेळी मात्र तो तिसऱ्या भेटीपर्यंत निसटला, कारण आईप्रमाणे मीही तालमीकडेच पाहत होते. ज्या मुलाला वीस जणांसमोर चुकून तेच पुन्हा करण्यात काहीच कमीपणा वाटत नव्हता, तो घरी बंद दाराआड, कोणी पाहत नसतानाही, चुकायला घाबरत होता. नाटकाने त्याचा अभ्यास बिघडवला नव्हता. अभ्यास कसा करावा याचा धडा तो रोज रात्री तिथे गिरवत होता आणि सकाळी विसरत होता.

"बरोबर आलेली उदाहरणं मला दाखवू नकोस," मी त्याला सांगितले. "रोज दोन चुकलेली हवीत, आणि त्यांवर लाल शेरा दुसऱ्या कोणाचा तरी हवा." आजीची भूमिका करणारी मुलगी त्याच्याच वर्गातली, गणितात पक्की. अंधारात ठेवल्याचा सूड तिने लाल पेनाने मनसोक्त उगवला.

पालकांना मी एवढेच सांगते की 'नाटक बंद' म्हणण्याआधी तारखा तपासा : गुण कधी घसरले, तालमी कधी लागल्या. घरी परतण्याची वेळ, झोपेचे किमान तास आणि हजेरी या तीन गोष्टींवर ठाम राहा, पण त्या मुलाशी बसून ठरवा. सारीच मुले या मुलासारखी नसतात. काही खरोखर वाहवत जातात. परीक्षा चुकवणे, खोटे बोलणे, रात्र-रात्र जागणे सुरू झाले असेल, तर वर्षाला एकच नाटक असे स्पष्ट म्हणावे लागते आणि मी ते म्हणते. मात्र 'निदान बक्षीस तरी मिळेल ना?' हा प्रश्न कृपा करून विचारू नका. 2022 साली परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कोणत्याच संघाला दिला नव्हता. त्या वर्षी तालमी केलेल्या साऱ्या मुलांचे कष्ट वाया गेले, असे म्हणायचे का?

त्या मुलाचे गणित हिवाळी परीक्षेत सुटले, तेही जेमतेम, आणि तिसऱ्या सत्राचा एक विषय राहिला. त्याआधी, सप्टेंबरात, एका रात्री त्याच्या आईचा फोन आला होता. ती अंतिम फेरी पाहायला गेली होती.

"तो दिसलाच नाही हो मला कुठे," ती म्हणाली. "पण ती आजी देवघरापाशी बसली आणि तिच्या तोंडावर हळूच उजेड आला ना, तेव्हा शेजारच्या बाईंना मी म्हटलं, हा आमच्याचा."