व्हीनस फ्लायट्रॅपची तोंडं काळी पडताहेत, त्याला खायला काय घालू?

रोप ऑनलाइन मागवलंत, खिडकीत ठेवलंत, रोज नर्मदेच्या नळाचं पाणी घालता आणि मुलगा हौसेनं पनीरचा कण भरवतो. तरी तोंडं एकामागून एक काळी पडताहेत, असं तुम्ही लिहिलंय. खाण्याचं राहू द्या, आधी पाणी बदला.

हे किडे खाणारं झाड मूळचं अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारपट्टीवरचं. तिथली जमीन ओली, आम्ल आणि इतकी निकस की मुळांना नायट्रोजन, फॉस्फरस मिळणं मुश्कील. म्हणून किडे धरायचे. पोट भरतं ते उन्हावरच. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीत साचत जातात आणि या मुळांना ते सोसत नाहीत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० च्या खाली हवं. घरच्या आरओवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, चवीसाठी त्यात क्षार मुद्दाम ठेवलेले असतात; आमच्याकडचा मीटरवर ९० च्या आसपास दाखवतो. मी जुलै-ऑगस्टमध्ये गच्चीवर पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवते. ते संपलं की बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. दुकानात नीट सांगून घ्या, तिथे ॲसिडही मिळतं.

आपल्या माळव्याच्या काळ्या मातीचं कितीही कौतुक असलं तरी ती इथे नको. शेणखत, गांडूळखतही नको. पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं, वाळवलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे), प्लास्टिकची कुंडी, खाली बशीत बोटाच्या पेरभर पाणी, बस्स.

आता ते तोंड, म्हणजे पानाच्या टोकाचा दोन पाकळ्यांचा सापळा. प्रत्येक पाकळीच्या आत साधारण तीन बारीक केस दिसतील. एकदा धक्का लागला तर काही होत नाही. वीसेक सेकंदांत दुसरा लागला की मिटतं. मिटल्यावरही कडेच्या दातांमध्ये फटी राहतात, त्यातून बारकी मुंगी सहज निसटते. आत अडकलेला किडा धडपडत राहिला, केसांना आणखी धक्के बसले, तरच कडा घट्ट चिकटतात आणि पाचक रस सुटतो. उन्हाकडे धरून पाहिलंत तर आतल्या माशीची सावली दिसते. आठ-दहा दिवसांनी उघडतं तेव्हा नुसतं टरफल उरलेलं असतं. पनीर काही धडपडत नाही, ते आत कुजतं आणि तोंडही सडवतं. एक तोंड आयुष्यात जेमतेम काही वेळाच मिटतं, मग आपोआप काळं पडून गळतं. तेव्हा बोट घालून मिटवायचा खेळ चिरंजीवांना आवरायला सांगा, रिकामं मिटण्यातही झाडाची ताकद जातेच. आणि डासांसाठी आणलं असेल तर जाळी लावा. याची मूळची शिकार म्हणजे मुंग्या, कोळी, भुंगेरे.

खिडकीतून गच्चीत हलवा. चार-सहा तास थेट ऊन हवं, पण एकदम नको, आठवडाभर थोडं थोडं वाढवा. एप्रिल ते जून मात्र दुपारी हिरवी जाळी लागेलच. कॅरोलिनाचा उन्हाळा दमट असतो, आपल्याकडची लू नाही. तापलेल्या स्लॅबवर कुंडी ठेवू नका.

थंडीत नवी पानं थांबतील, असलेली आखूड होतील. मेलं म्हणून फेकू नका, त्याला दोन-तीन महिने झोप लागतेच, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या इंदूरच्या रात्री त्याला बऱ्यापैकी मानवतात. या बाबतीत आपण मुंबईकरांपेक्षा सुदैवी. घरात आणू नका, पाणी कमी करा, पण माती सुकू देऊ नका.

काळी झालेली तोंडं पुन्हा हिरवी होणार नाहीत, ती कात्रीनं कापून टाका. कुंडीतलं जुनं माध्यम बदला आणि मधल्या कोंबावर लक्ष ठेवा. तो टणक, हिरवा असेल तर रोप वाचेल. दाबल्यावर मऊ, पिचपिचीत लागला तर नवीन आणा.