रात्रपाळीची पहिली फेरी

बाय, रत्नागिरीच्या पावसात वॉर्डातली फरशी वाळतच नाही. नातेवाइकांच्या छत्र्या आधी दाराबाहेर काढ. मग मॉर्स स्केल, म्हणजे पेशंट पडण्याचा धोका मोजायचा तक्ता, भर: अलीकडे पडल्याचा इतिहास असेल तर 25, सलाइन लावलेलं असेल तर 20. बेरीज 45 किंवा त्याच्या वर गेली की धोका जास्त धरायचा. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नकोस. संध्याकाळी लघवीची गोळी घेतलेले आजोबा रात्री दोनला उठणारच, आणि 'कशाला सिस्टरला त्रास' म्हणून बेल दाबणार नाहीत. माझ्या पाळीत असेच एक पडले, खुबा मोडला. स्कोअर कमीच होता. झोपण्याआधी तूच त्यांना बाथरूमला ने. खाट खाली घे, चाकांना ब्रेक लाव, चष्मा हाताशी ठेव. कठड्यांचा फार भरवसा नको, ते ओलांडायला जाऊन पडणारेही असतात. गोळी बदलली की स्कोअर पुन्हा काढ.