वाचकांचे प्रश्न : जळालेल्या जंगलातील पायवाटांची दुरुस्ती

प्रश्न : माझ्या बहिणीची मुलगी जन्माने अमेरिकन नागरिक आहे. पदवी झाल्यावर ती ऑरेगनमध्ये एका ‘ट्रेल क्रू’त, म्हणजे पायवाटा दुरुस्त करणाऱ्या तुकडीत, दाखल झाली. वणव्यात जळालेल्या सरकारी जंगलात काम करते म्हटल्यावर ती झाडे लावत असेल, असे मी धरून चालले होते. फोनवर विचारले तर म्हणाली, “मावशी, आम्ही अजून एकही झाड लावलेले नाही. दिवसभर माती ओढतो आणि दगड उचलतो.” जंगलच जळून गेले असताना पायवाटांवर एवढे कष्ट कशासाठी?

उत्तर : आपल्या भाचीने केलेले वर्णन अगदी नेमके आहे. वणव्यानंतर पायवाटेवर जे काम चालते ते मुख्यतः पाण्याला वाट करून देण्याचे काम असते, आणि माती ओढणे व दगड उचलणे हे त्यातले रोजचे श्रम आहेत.

डोंगरउतारावर झाडे, झुडपे आणि कुजलेल्या पाल्याचा थर असतो तोवर पावसाचा मारा त्यांच्यावर होतो आणि पाणी सावकाश मुरते. आग हे आच्छादन नाहीसे करते, पण तेवढ्यावर भागत नाही. जळणाऱ्या पाल्यातील मेणासारखी द्रव्ये वाफेच्या रूपाने मातीत उतरतात, थंड झाल्यावर मातीच्या कणांवर बसतात, आणि पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटरवर पाणी न शोषणारा थर तयार होतो. वरची राख आणि सुटी माती भिजते, खालचा थर पाणी घेत नाही, आणि एरवी ओढ्यांनी सहज वाहून नेला असता तो पाऊस चिखल, धोंडे आणि ओंडके घेऊन खाली येतो. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०१७मध्ये पेटलेला थॉमस वणवा पुरता आटोक्यातही आला नव्हता, तेव्हा ९ जानेवारी २०१८ रोजी जोराच्या पावसात जळालेल्या उतारांवरून असाच लोंढा माँटेसिटो गावात शिरला आणि २३ माणसांचा बळी गेला.

आता अशा उतारावर आडवी कापलेली पायवाट डोळ्यांसमोर आणावी. वरून येणारे पाणी तिच्यावर येऊन थबकते आणि बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर वाटेनेच धावू लागते. एकदोन पावसाळी हंगामांत पायवाटेचा नाला होतो, नाला खोल होत गेला की कडा ढासळतात, आणि जी माती तिथे टिकली असती तर नवे रोप रुजले असते ती खालच्या नदीत जाते. लोक मग नाला टाळून बाजूने चालतात आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. म्हणून पायवाट दुरुस्त करणे ही गिर्यारोहकांची हौस पुरवण्यापुरती गोष्ट नसते. जळालेल्या उतारावर माणसाने आधीच मारून ठेवलेली रेघ ओघळ बनू नये, यासाठी ते काम करावे लागते.

प्रत्यक्ष कामात सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगाचे काम म्हणजे वाटेच्या दरीकडच्या कडेला साचलेला मातीचा वरंबा काढून टाकणे. तो वरंबा पाणी अडवतो. तो काढून वाटेला दरीच्या बाजूस हलका उतार दिला की पाणी वाटेवरून पसरून निघून जाते. जिथे एवढ्याने भागत नाही तिथे वाटेलाच लांबट खोलगट वळण देतात, किंवा ओंडका अथवा दगड तिरपे पुरून आडबांध घालतात. हा आडबांध तिरपा असावा लागतो. वाटेला काटकोनात घातला तर पाणी तिथे थांबते, गाळ टाकते, आणि बांध त्याच गाळाखाली निकामी होतो. कडा ढासळली असेल तिथे सिमेंटशिवाय, दगडात दगड बसवून गडगा रचतात. चारपाच जणांनी पहारीने सरकवत आणलेला एखादा धोंडा नीट बसला नाही म्हणून पुन्हा उचकटावा लागणे हा या कामातला नित्याचा प्रकार आहे. आपल्या भाचीच्या बोलण्यात थकवा जाणवला असेल तर त्याचे कारण बहुधा असा एखादा धोंडा असावा.

झाडांचेही सांगतो. लागवड होते, पण ती बहुधा वेगळ्या तुकड्यांकडे असते आणि सगळीकडे केली जात नाही. लॉजपोल पाइनसारख्या झाडाच्या अनेक शंकूंवर राळेचा लेप असतो; तो आगीच्या उष्णतेने वितळतो आणि बी बाहेर पडते. सिअनोथस नावाच्या झुडपाचे बी मातीत कित्येक दशके पडून राहते आणि उष्णता लागली की उगवते. ट्रेल क्रूच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी नाही, कारण तीनचार वर्षांत हीच झुडपे कमरेपर्यंत वाढून वाट गिळून टाकतात आणि मग त्यांची छाटणी हे स्वतंत्र काम होऊन बसते.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. दुरुस्त करावे लागणारे सगळेच नुकसान आगीने केलेले नसते. वणवा अडवण्यासाठी बुलडोझरने आणि हातांनी जमीन खरवडून जाळरेषा काढलेल्या असतात, अनेकदा जुनी पायवाटच रुंद करून तिची जाळरेषा केलेली असते. त्या रेषांवर पुन्हा माती ओढणे, फांद्या पसरणे आणि आडबांध घालणे हेही याच कामाचा भाग आहे. आणीबाणीच्या उपायांसाठी ‘बर्न्ड एरिया इमर्जन्सी रिस्पॉन्स’ नावाची वेगळी व्यवस्था असून तिची तज्ज्ञ तुकडी, ज्यात मृदातज्ज्ञ, जलतज्ज्ञ आणि अभियंते असतात, आग धुमसत असतानाच पाहणी सुरू करते. वणवा पूर्ण आटोक्यात आल्यापासून सात दिवसांच्या आत तिचा प्राथमिक अहवाल अपेक्षित असतो.

प्रश्न : याच विषयावर वाचताना असे आढळले की, अमेरिकेसारख्या देशात या तुकड्या दोघांनी ओढायच्या करवती वापरतात आणि सामान खेचरांवरून नेतात. यंत्रे परवडत नाहीत असे तर नसणार. मग हा हट्ट कशाचा?

उत्तर : कायद्याचा. १९६४च्या ‘वाइल्डरनेस अ‍ॅक्ट’नुसार जी क्षेत्रे राखीव रानप्रदेश म्हणून घोषित झाली आहेत, तिथे मोटारीवर चालणारी साधने आणि यांत्रिक वाहतूक यांना मनाई आहे. अत्यावश्यक प्रसंगांसाठी अपवाद आहेत, परंतु रोजच्या कामात यांत्रिक करवत चालत नाही, एकचाकी हातगाडीसुद्धा चालत नाही. या क्षेत्रांबाहेरच्या सार्वजनिक जंगलांत यांत्रिक करवती सर्रास वापरल्या जातात. मात्र राष्ट्रीय वनांत कोणतीही करवत, हाताची असो वा यंत्राची, चालवण्यासाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते.

हाताच्या करवतीविषयी एक गैरसमज असा की ती म्हणजे निव्वळ ताकदीचे काम. जळालेली झाडे उतारावर एकमेकांवर आडवीतिडवी पडलेली असतात, आणि प्रत्येक ओंडक्यात कुठे दाब तर कुठे ताण साठलेला असतो. दाबाच्या बाजूने कापायला घेतले तर काप मिटतो आणि करवत अडकते. ताणाची बाजू आधी मोकळी झाली तर ओंडका उसळतो. म्हणून आधी ओंडका वाचायचा, तो कुठे टेकला आहे, सुटल्यावर कुठे घरंगळेल हे ठरवायचे, पाचर ठोकायची, आणि मगच ओढायला लागायचे. ओढणाऱ्या दोघांपैकी कोणीही करवत पुढे ढकलायची नसते. आपण ओढून झाले की हात सैल सोडायचा. नवशिक्याला हे सैल सोडणेच जड जाते.

करवतीखेरीज दोन अवजारे या तुकड्यांच्या हातात कायम दिसतात. मॅक्लाउडला एका बाजूस दणकट दाताळे आणि दुसऱ्या बाजूस रुंद पाते असते. पुलास्कीला एका बाजूस कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूस कुदळीसारखे आडवे पाते असते. हे दुसरे अवजार एड पुलास्की या वनरक्षकाच्या नावाने ओळखले जाते. ऑगस्ट १९१०मध्ये आयडाहो आणि माँटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले, तेव्हा याच पुलास्कीने आपल्या चाळीसहून अधिक माणसांना एका खाणीच्या बोगद्यात नेले, आणि घाबरून बाहेर पळू पाहणाऱ्यांना पिस्तुलाचा धाक दाखवून आत रोखून धरले. त्यांतील बहुतेक जण वाचले.

प्रश्न : निसर्ग आपला आपण सावरतो, हे आपणही मान्य करता. मग पाचदहा वर्षे ते जंगल बंद ठेवून स्वस्थ बसावे, हे अधिक शहाणपणाचे नाही काय?

उत्तर : जंगलापुरते आपले म्हणणे बरेचसे खरे आहे, आणि राखीव रानप्रदेशांत बहुतेक ठिकाणी तसेच केले जाते. परंतु पायवाट निसर्गाने केलेली नसल्यामुळे ती निसर्गावर सोपवून चालत नाही. बंद ठेवलेल्या वाटेवरही पाणी धावतच राहते. शिवाय पुढचा वणवा लागला की विझवणाऱ्यांना आत जायला याच वाटा लागतात.

तरीही घाई करू नये, या आपल्या सूचनेशी मी सहमत आहे. ऑरेगनमधील ईगल क्रीक वणवा २ सप्टेंबर २०१७ रोजी एका पंधरा वर्षांच्या मुलाने फेकलेल्या फटाक्यामुळे लागला आणि कोलंबिया नदीच्या घळीतील जवळजवळ ४९,००० एकर क्षेत्र त्याच्या कक्षेत आले. तिथली लोकप्रिय ईगल क्रीक पायवाट थेट २०२१च्या सुरुवातीस पुन्हा उघडली. लोकांची कुरकुर होती. पण उतार अजून हलत असताना त्यावर गडगे रचले तर दरड आली की पुन्हा रचावे लागतात. उतार हलण्याचेही टप्पे असतात. पहिल्या एकदोन वर्षांत पृष्ठभागावरची माती वाहते. पुढे मेलेल्या झाडांची मुळे कुजू लागली की त्यांनी धरून ठेवलेला खोलवरचा उतार सुटतो. एकदा दुरुस्ती केली आणि काम संपले, असे म्हणूनच होत नाही, आणि निधी मात्र वणव्याच्या बातम्या ताज्या असताना मिळतो तेवढा नंतर मिळत नाही. माझ्या मते या व्यवस्थेतील खरी उणीव हीच आहे.

प्रश्न : मुलीच्या जिवाला धोका कितपत असतो? तिला काही विचारावे तर ती हसून विषय टाळते.

उत्तर : अस्वले आणि साप यांची काळजी घरचे लोक करतात, अनुभवी माणसे वर बघतात आणि पायाखाली बघतात. वर असतात ती उभ्याउभ्या मेलेली झाडे. मुळे जळालेली, खोड पोखरलेले, आणि वाऱ्याच्या एका झोताने, कधी वाऱ्याशिवायही, कोसळणारी. वणव्यानंतर कित्येक वर्षे अशी झाडे पडत राहतात, म्हणून मागच्या उन्हाळ्यात मोकळी केलेली वाट या उन्हाळ्यात पुन्हा ओंडक्यांनी भरलेली सापडते. पायाखाली असतात ती जळालेल्या मुळांची पोकळ बिळे. वर राखेचा पातळ पापुद्रा, आत खड्डा. वणवा ताजा असेल तर त्या खड्ड्यात निखारेही असू शकतात.

भाचीला घाबरवू नका, पण नेमके तीन प्रश्न विचारा. तंबू कुठे ठोकता, म्हणजे मेलेल्या झाडांच्या उंचीच्या टप्प्याबाहेर ठोकता ना? वारा वाढला की काम थांबवून उघड्यावर येण्याचा नियम आहे का, आणि तो कोण अमलात आणतो? कोणी जखमी झाले तर निरोप कशाने पाठवता आणि त्याला बाहेर काढण्याची योजना लिहिलेली आहे का? चांगल्या तुकडीतील मुलगी या तिन्हींची उत्तरे न अडखळता देईल. ती अडखळली, तर तुकडीप्रमुखाला विचारायला तिला सांगावे. असे विचारणे तिथे उद्धटपणाचे समजले जात नाही.

प्रश्न : माझा मुलगा विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत शिकतो. सुट्टीत त्याला हे काम करता येईल का? पैसे किती मिळतात?

उत्तर : पैशांसाठी जाऊ नये. कॅलिफोर्निया कॉन्झर्वेशन कोअर ही १९७६ साली स्थापन झालेली राज्य सरकारची संस्था दुर्गम भागात कित्येक महिने राहणाऱ्या ट्रेल तुकड्या चालवते, आणि तिचे बोधवाक्यच “कष्ट भरपूर, पगार कमी, हालअपेष्टा आणि आणखी बरेच काही” अशा अर्थाचे आहे. सरकारी जाहिरात इतकी प्रामाणिक क्वचितच असते.

व्हिसाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अशा अनेक तुकड्या अमेरिकॉर्प्स या संघीय सेवा कार्यक्रमाशी जोडलेल्या असतात. त्यात निर्वाहभत्ता आणि सेवेअखेर शिक्षणासाठी ठरावीक रक्कम मिळते, परंतु त्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व किंवा कायमच्या वास्तव्याचा परवाना लागतो. विद्यार्थी व्हिसावरील तरुण त्यात बसत नाही, आणि परवानगीशिवाय भत्ता घेऊन केलेले काम नोकरी ठरून त्याचा व्हिसा धोक्यात येऊ शकतो. विनावेतन स्वयंसेवेचा मार्ग त्याला पाहता येईल. वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशन किंवा पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल असोसिएशन यांसारख्या संस्था स्वयंसेवकांच्या तुकड्या नेतात, त्यांत एका दिवसाची कामेही असतात आणि अवजारे तिथेच शिकवली जातात. तरी नाव नोंदवण्यापूर्वी त्याने विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. बूट मात्र नवे घेऊन थेट कामावर जाऊ नये. निदान महिनाभर आधी वापरून ते पायाशी जुळवून घ्यावेत.